इर्जिकीचा क्रम आणि उद्गारचिन्हाचं गणित



लावणी आली की आपल्या भोर-वेल्ह्यात वाद ठरलेला: इर्जिक आधी कुणाच्या खाचरात? परवा बैठकीत पाच घरांची यावरूनच धुसफूस झाली. तेवढ्यात एका ताईंच्या अकरावीतल्या लेकीनं वही पुढं केली. तिचं हेच प्रकरण अडलेलं, आणि पोरगी गणितच सोडायला निघालेली.

पहिल्या पाळीला पाचांतलं कोणतंही घर, दुसरीला उरलेल्या चारांतलं, मग तीन, दोन, एक. 5×4×3×2×1 = 120 क्रम. मग भांडण मिटेल कसं! पुस्तकात हेच 5! असं लिहितात, नाव क्रमगुणित. हे गणित जुनंच. भास्कराचार्यांनी 1150 साली ‘लीलावती’त विचारलंय, हरीच्या चार हातांत शंख, चक्र, गदा, पद्म किती तऱ्हांनी येतील? 4! म्हणजे 24.

आता उलटं. क्रम 720 असतील तर घरं किती? 720 ला 2 नं भागा, 360. त्याला 3 नं, 120. मग 4 नं 30, 5 नं 6, 6 नं 1. एकावर आलो, थांबायचं. घरं सहा.

पोरीचं अडलं होतं ते पुढं. गटातून एक अध्यक्ष आणि एक सचिव 90 प्रकारे निवडता येतात, तर बायका किती?

न! ÷ (न−2)! = 90

ती वरचं उद्गारचिन्ह खालच्याशी खोडत होती. तसं चालत नाही. 4! ÷ 2! म्हणजे 24 ÷ 2, बारा. चिन्हं खोडली तर 4 ÷ 2, दोनच येतात. म्हणून आधी वरचं उलगडायचं: न! = न × (न−1) × (न−2)!. आता (न−2)! वरखाली सारखं, ते कटलं. उरलं न × (न−1) = 90. लागोपाठचे दोन आकडे, दहा नव्वे नव्वद. बायका 10. रीतीनं सोडवलं तर उणे 9 हेही उत्तर निघतं, पण उणे नऊ बायका कुठल्या गटात असतात? ते सोडायचं.

इर्जिकीचं म्हणाल तर एकट्या राहणाऱ्या मावशींचं खाचर पहिलं, हे सगळ्यांनी मानलं. 120 चे 24 क्रम उरले, त्यासाठी चिठ्ठ्या टाकल्या. पोरीनं पुढची पाच उदाहरणं तिथंच बसून सोडवली.

तुमच्या बैठकीसाठी एक: एक घर वाढलं आणि क्रम सातपट झाले. आता घरं किती?