दीडशे वर्षांचं ऊन

१८७०च्या दशकात व्हिएन्नाचे त्वचारोगतज्ज्ञ मोरिट्झ कापोसी यांनी एका विलक्षण आजाराची नोंद केली. त्वचा कोरडी, सुरकुतलेली. अंगावर गडद ठिपके आणि कोवळ्या वयातच गाठी. पुढे त्याला झेरोडर्मा पिग्मेंटोझम, म्हणजे एक्सपी, हे नाव मिळालं. त्यानंतर जवळपास शतकभर डॉक्टरांकडे वर्णनं साचत गेली. कारण मात्र कोणाला सापडेना.

ते सापडलं १९६८ साली. कॅलिफोर्नियात जेम्स क्लीव्हर यांनी अशा रुग्णांच्या त्वचेच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या आणि त्यांच्यावर अतिनील किरण सोडले. या किरणांमुळे डीएनएतले शेजारचे दोन घटक एकमेकांना चिकटतात. निरोगी पेशी तो बिघडलेला तुकडा कापून काढते आणि तिथे नवा भरते. एक्सपीच्या पेशींना हे जमत नव्हतं. उन्हामुळे होणाऱ्या कर्करोगाचं मूळ डीएनएत आहे, हे माणसाच्या पेशींत इतकं स्वच्छ पहिल्यांदाच दिसलं. दुरुस्तीची ही यंत्रणा उलगडण्यात मोठा वाटा असलेल्या अझीझ सान्जार यांना २०१५ साली नोबेल मिळालं (टोमास लिंडाल आणि पॉल मॉड्रिच यांच्यासोबत). उन्हाबद्दल आज जगाला जे ठाऊक आहे, त्यातलं बरंचसं या रुग्णांच्या पेशींनी शिकवलं. त्यांचं हे ऋण फार मोठं आहे.

दुरुस्तीतला हा दोष आईवडील दोघांकडून आला तरच आजार होतो. ते स्वतः ठणठणीत असतात. त्यामुळे नात्यात लग्नं होतात तिथे, आपल्याकडेही, तो जास्त आढळतो. अमेरिकेतल्या एका दीर्घ अभ्यासात या रुग्णांना त्वचेचा पहिला कर्करोग साधारण नवव्या वर्षी झाल्याचं दिसलं.

मला सगळ्यात अस्वस्थ करते ती वेगळीच गोष्ट. काही बाळांची त्वचा जरा उन्हात नेताच भाजून निघते. घरचे घाबरतात, बाळाला सावलीत जपतात. काहींची भाजतच नाही. दोन वर्षांच्या आत गालांवर ठिपके येतात, पण त्यांकडे कोण लक्ष देणार? मूल उन्हात खेळत राहतं आणि पुढे कर्करोग याच मुलांना अधिक होतात. ब्राझीलमधल्या आरारास या शेतकरी गावात असंच घडलं. पिढ्यान्‌पिढ्या माणसं शेतात राबली, चेहऱ्यावरच्या गाठी काढून घेत राहिली. आजाराचं नाव त्यांना कळलं ते या शतकात.

जनुकं सापडली, पण दोष मुळापासून दूर करणारा उपचार अजून नाही. खिडक्यांच्या काचांवर अतिनील किरण अडवणारी फिल्म, अंगभर कपडे, डोळ्यांना चष्मा, दर काही महिन्यांनी त्वचेची तपासणी आणि ऊन तुटल्यामुळे ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या. हे जितक्या लवकर सुरू होईल, तितकी वर्षं त्या मुलाला जास्त मिळतात.