क्षेत्र किती, यापेक्षा क्षेत्र कुठून

चुंबकीय क्षेत्र वाढवत नेलं की पदार्थातले अणुचुंबक हळूहळू त्या दिशेला वळतात, असं आपण शाळेत शिकतो. डिस्प्रोशिअम टायटनेटच्या स्फटिकाला हा धडा पुरत नाही. तिथे क्षेत्र किती लावलं यापेक्षा ते कुठून लावलं, हे जास्त मोलाचं ठरतं.

डिस्प्रोशिअम हे दुर्मीळ मृदा गटातलं मूलद्रव्य. या स्फटिकात त्याचे अणू चतुष्फलकांच्या कोपऱ्यांवर बसतात आणि प्रत्येक कोपरा दोन चतुष्फलकांच्या सामाईक मालकीचा असतो. अणूचा चुंबक, म्हणजे स्पिन, इथे चांगलाच बळकट असतो. पण भोवतालच्या अणूंच्या विद्युतक्षेत्रामुळे त्याला दोनच दिशा मोकळ्या राहतात: चतुष्फलकाच्या मध्याकडे किंवा मध्यापासून बाहेर. चारांपैकी दोन आत आणि दोन बाहेर वळले, की ऊर्जा सर्वांत कमी. एकूण सोळा मांडण्यांपैकी सहा या नियमात बसतात आणि त्या सहांत सरस-निरस काही नाही. त्यामुळे तापमान एक केल्विनच्या खाली उतरलं तरी स्फटिकाला एक मांडणी निवडता येत नाही. भूमितीने केलेल्या या कुचंबणेला भौतिकशास्त्रात जॉमेट्रिकल फ्रस्ट्रेशन म्हणतात.

पाण्याच्या बर्फातही हाच नियम आहे. प्रत्येक ऑक्सिजनभोवती चार हायड्रोजन असतात, दोन जवळ आणि दोन लांब. यामुळे निरपेक्ष शून्याजवळही बर्फात अव्यवस्था शिल्लक राहील, हा हिशेब लायनस पॉलिंग यांनी १९३५ मध्ये मांडला. विल्यम जिऑक आणि स्टाउट यांनी १९३६ मध्ये ती मोजून दाखवली. १९९७ मध्ये हॅरिस, ब्रॅमवेल आणि सहकाऱ्यांना होल्मियम टायटनेटमध्ये हे साम्य दिसलं. दोन वर्षांनी रामिरेझ यांच्या गटाने डिस्प्रोशिअम टायटनेटची उष्णताधारकता मोजली आणि उरलेली एन्ट्रॉपी, म्हणजे अव्यवस्थेचं माप, पॉलिंग यांच्या आकड्याशी जुळली. ‘स्पिन आइस’ हे नाव त्यातूनच रुजलं.

आता क्षेत्र लावू. स्फटिकाच्या घनाकार एककाच्या कडेला समांतर लावलं, तर चारही स्पिनांचा क्षेत्राशी सारखाच कोन होतो, सहांपैकी नेमकी एक मांडणी जिंकते आणि कुचंबणा संपते. घनाच्या बाजूच्या कर्णाला समांतर लावलं, तर निम्मे स्पिन वळतात. उरलेले क्षेत्राला काटकोनात असल्यामुळे त्यांना त्याचा पत्ताही लागत नाही. सर्वांत सुंदर प्रकार घडतो तो घनाच्या मुख्य कर्णाच्या दिशेने. तिथे चारांपैकी एक स्पिन क्षेत्राला समांतर असतो आणि तो लगेच जखडला जातो. बाकीचे तीन कागोमे जाळीच्या, म्हणजे त्रिकोण-षटकोनांच्या सपाट थरात असतात. दोन आत, दोन बाहेर हा नियम पाळूनही त्यांना तीन पर्याय उरतात. म्हणून क्षेत्र वाढवत गेलं तरी चुंबकन एका पायरीवर थबकतं: दर अणूमागे ३.३३ बोर मॅग्नेटॉन (अणूच्या चुंबकत्वाचं एकक). मग एक टेस्लाच्या जरा अलीकडे नियम मोडतो, तीन-एक अशी मांडणी होते आणि आकडा ५ वर जातो. हे क्षेत्र दवाखान्यातल्या दीड टेस्लाच्या एमआरआय यंत्रापेक्षाही कमी आहे.

ही उडी ०.३६ केल्विनच्या खाली अचानक होते, वर सावकाश. वाफेचं पाणी होताना असतो तसा क्रांतिक बिंदू इथेही आहे. कास्टेलनोव्हो, मॉस्नर आणि शिवाजी सोंधी यांनी २००८ मध्ये त्याचा अर्थ लावला. नियम मोडलेला चतुष्फलक सुट्या उत्तर किंवा दक्षिण ध्रुवासारखा वागतो आणि क्षेत्र वाढताना या ध्रुवांच्या विरळ वायूचा दाट द्रव होतो. डिरॅक यांनी १९३१ मध्ये कल्पिलेले मूलभूत एकध्रुव हे नव्हेत. ते फक्त या स्फटिकाच्या आत जगतात. तरीही मला हे सैद्धांतिक भौतिकीतलं अस्सल यश वाटतं, कारण आधी मोजून ठेवलेली आणि कोड्यात टाकणारी उडी त्याने उलगडली.

कुचंबणेचा उपयोगही आहे. बर्फाची अव्यवस्था मोजणारे जिऑक यांनीच १९३३ मध्ये मॅकडूगल यांच्यासोबत दुर्मीळ मृदेच्या गॅडोलिनिअम सल्फेटला क्षेत्रात ठेवलं, त्याची उष्णता काढून घेतली आणि मग क्षेत्र हटवून ०.२५ केल्विन गाठलं. या पद्धतीला असे स्पिन हवेत, जे थंडीतही स्वतःहून शिस्तीत येत नाहीत. कुचंबलेले स्पिन नेमके तसेच असतात. म्हणूनच एक केल्विनच्या आसपास थंडावा आणणाऱ्या चुंबकी शीतकांत आज गॅडोलिनिअम गॅलिअम गार्नेट वापरतात, आणि तोही त्रिकोणांच्या जाळ्यात अडकलेला कुचंबलेला चुंबकच आहे.