लूपचं तोंड गोंगाटाकडे

ट्रान्झिस्टरवर मीडियम वेव्हचं एखादं केंद्र लावा आणि संच टेबलावर हळूहळू फिरवा. एका ठिकाणी आवाज जवळजवळ बुडतो, जरा पुढे सरकवला की पुन्हा वर येतो. ही करामत आतल्या फेराइटच्या कांडीची. शॉर्टवेव्ह लावूनही काही जण तसाच संच फिरवत बसतात, पण तिथे बहुतेक संचांत ती कांडी कामात नसते. सिग्नल येतो तो बाहेर ओढलेल्या दांडीतून, आणि उभ्या दांडीला चारी दिशा सारख्याच.

डायरेक्शनल, म्हणजे दिशा निवडणारा अँटेना घ्यायला निघालेल्या नव्या हॅमच्या (हौशी रेडिओचालकाच्या) डोक्यात पहिला प्रश्न असतो, ‘सिग्नल किती ओढेल?’ सगळा घोटाळा इथेच सुरू होतो. 160, 80 आणि 40 मीटरच्या बँडवर बाहेरून येणारी खरखर रिसीव्हरच्या स्वतःच्या खरखरीपेक्षा कितीतरी मोठी असते. पडताळा हवा असेल तर चालू रिसीव्हरची कोॲक्स, म्हणजे अँटेनाची केबल, काढून बघा. खरखर एकदम खाली बसली, तर सिग्नल पुरेसा येतोय. याहून मोठा अँटेना किंवा प्रीअँप लावलात तर स्टेशनही वर जाईल आणि खरखरही तेवढीच वर जाईल. फरक पडेल तो फक्त सिग्नल-मीटरच्या काट्याला. आपल्याला हवी असते ती स्टेशन आणि खरखर यांच्यातली तफावत, आणि ती वाढते नको त्या दिशा बंद केल्याने.

अशाच एका अँटेनाची डिसेंबर 1921 मधली गोष्ट आहे. अमेरिकी हौशी प्रक्षेपकांचे सिग्नल अटलांटिकपार ऐकू येतात का, हे बघायला पॉल गॉडली स्कॉटलंडमधल्या आर्ड्रॉसनला गेले. समुद्राजवळच्या माळावर तंबू ठोकला आणि सुमारे 1300 फूट लांबीची तार जमिनीपासून फक्त 12 फुटांवर ताणली. त्या तारेवर अमेरिकेतली दोन डझनांहून अधिक हौशी स्टेशनं ऐकू आली. हाच बेव्हरेज अँटेना. नावाचा चहा-सरबताशी संबंध नाही, हॅरॉल्ड बेव्हरेज हे शोधकाचं नाव. ‘अँटेना जितका उंच तितका बरा’ म्हणणाऱ्यांनी ही तार जरूर आठवावी. आजही ती दोन-तीन मीटरवरच बांधतात, आणि कोरडी मुरमाड जमीन तिला उलट मानवते. लांबी मात्र निदान एक तरंगलांबी हवी, म्हणजे 80 मीटर बँडला साधारण 80 मीटर. दूरच्या टोकाला साडेचारशे ओहमच्या आसपासचा रेझिस्टर लावून तो जमिनीला जोडला की तार त्या टोकाच्या दिशेनेच ऐकते. रेझिस्टर नसेल तर दोन्ही टोकांकडून ऐकते. गच्चीवरून नारळाच्या झाडापर्यंत वीस मीटर तार नेऊन तिला बेव्हरेज म्हणणारे असतात. त्या तारेवर स्टेशनं ऐकू येतील, पण दिशेचा दावा करू नये.

‘ज्यावरून पाठवायचं त्यावरूनच ऐकायचं’ हाही असाच समज. बेव्हरेजवरून प्रक्षेपण केलं तर बरीचशी शक्ती जमीन आणि रेझिस्टर तापवण्यात जाईल. ऐकताना तोच तोटा चालतो, कारण तो सिग्नल आणि खरखर दोघांनाही सारखाच बसतो. म्हणून खालच्या बँडवरचे मुरलेले हॅम दोन वेगळे अँटेना ठेवतात. 20 मीटर आणि त्यावरच्या बँडवर गणित बदलतं. तिथे फिरता यागी अँटेना दोन्ही कामं उत्तम करतो.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला बेव्हरेज कुठून परवडणार? त्याच्यासाठी लूप. मी अ‍ॅल्युमिनियमच्या नळीचा मीटरभर व्यासाचा लूप बाल्कनीत उभा केला, तेव्हा खिडकीतून बघावं तसं त्याचं तोंड स्टेशनकडे धरलं होतं. नेमकं उलटं! लूप ज्याच्याकडे तोंड करतो त्यालाच तो बहिरा असतो, ऐकतो तो कडेच्या दिशेने. शिवाय ऐकण्याची बाजू चांगली रुंद असते, पाचपंधरा अंश इकडेतिकडे झाले तरी कळत नाही. धारदार असतो तो नल, म्हणजे न ऐकण्याचा कोन. त्यामुळे लूपचा नेम स्टेशनवर धरायचा नसतो, खरखरीवर धरायचा. समोरच्या जिन्यातल्या एलईडी दिव्याकडे तोंड केल्यावर माझी खरखर सिग्नल-मीटरवर एस-8 वरून एस-4 वर आली. स्टेशन जागच्या जागी राहिलं, कारण ते आयनांबरावरून उतरत होतं. वरून, बदलत्या ध्रुवणाने येणाऱ्या लहरीला लूपचा नल नीट गाठू शकत नाही. हा दोष आपल्या पथ्यावरच पडतो.

नल सापडतच नसेल तर लूपला दोष देण्याआधी कोॲक्स बघा. वायरिंगला चिकटून गेलेल्या कोॲक्सचं बाहेरचं जाळं स्वतःच अँटेना होतं आणि सगळीकडून कचरा गोळा करतं. लूपपाशी फेराइटच्या कड्यावर तिचे काही वेढे घेतले की बहुतेकदा नल जागेवर येतो.

‘मॅग्नेटिक लूपला विद्युत खरखर ऐकूच येत नाही’ ही जाहिरातीतली भाषा. दुरून येणाऱ्या लहरीत विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांचं प्रमाण ठरलेलं असतं, एक घेऊन दुसरं टाळता येत नाही. अगदी जवळच्या उगमाबाबत, म्हणजे 7 मेगाहर्ट्झला सुमारे सात मीटरच्या आत, ते प्रमाण बदलतं. पण उगम चुंबकीय स्वरूपाचा असेल तर लूप ती खरखर जास्तच ओढेल.

राहता राहिली दिशा. मुंबईहून न्यूयॉर्क ऐकायचं तर तार कुठे न्यायची? बहुतेक जण पश्चिमेकडे बोट दाखवतात. पृथ्वीच्या गोळ्यावरचा जवळचा मार्ग मात्र उत्तरेपासून पश्चिमेकडे 27 अंशांवर निघतो, आणि सॅन फ्रान्सिस्कोचा उत्तरेच्या किंचित पूर्वेला. भिंतीवरचा नकाशा इथे फसवतो. पुण्याहून 40 मीटरवर नाशिक ऐकायचं असेल तर या साऱ्या हिशेबाची गरजच नाही. तो सिग्नल जवळपास डोक्यावरून उतरतो, त्याला साधा बुटका डायपोल पुरतो.

काही विकत घेण्याआधी एक काम करा. संध्याकाळी रिसीव्हर बॅटरीवर चालवा, घराचा मेन स्विच बंद करा आणि दहा मिनिटं ऐका. खरखर गेली, तर अँटेना राहू द्या, घरातला चार्जर बदला.