चुना आणि लिंबू

पांढऱ्या सदऱ्यावर वरणाचा डाग पडला आणि त्याला साबण लावला की तो लाल होतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. त्यावर लिंबू पिळा, पुन्हा पिवळा! हळदीचे कुंकू होते तेही याच गुणामुळे. ज्यांनी प्रयोगशाळेतला लिटमस कागद कधी पाहिला नाही त्यांनी खंत करू नये. त्याची धाकटी बहीण आपल्या मिसळणाच्या डब्यात बसलेली आहे. मात्र ती ओळखते फक्त अल्काला. आम्लात आणि साध्या पाण्यात ती पिवळीच.

लिंबू, चिंच, ताक यांत आम्ल. चुना, धुण्याचा सोडा, साबण यांत अल्क. स्वीडनच्या आऱ्हेनियसने १८८० नंतरच्या दशकात याचा उलगडा केला. पाण्यात आम्ल हायड्रोजनचे धनभारित अयन सोडते, अल्क हायड्रॉक्सिलचे ऋणभारित. दोघांची गाठ पडली की त्यांचे पाणी होते, क्षार मागे उरतो आणि उष्णता बाहेर पडते. ही उष्णता ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९०९ मध्ये कोपनहेगनच्या सोरेनसेनने यासाठी मोजपट्टी दिली. आपल्या पाठ्यपुस्तकांत तिला सामू म्हणतात. शुद्ध पाणी ७ वर. खाली आम्ल, वर अल्क, आणि दर घराला दसपट फरक. लिंबाचा रस २ च्या आसपास. चुन्याची निवळी १२ च्याही वर. म्हणजे लिंबू पाण्यापासून जितके दूर, तितकाच किंबहुना थोडा अधिकच दूर आपला पानाचा चुना!

पण आपली भीती एकतर्फी आहे. ॲसिड म्हटले की आपण चार पावले मागे सरतो, आणि चुन्याची पुडी पोराच्या हाती खेळायला देतो. ती दाबली, फुटली, की चुना थेट डोळ्यात. तेथे अल्क आम्लापेक्षा दगाबाज ठरते. आम्लाने वरची प्रथिने गोठतात आणि त्यांचाच थोडाफार बांध होतो. अल्क चरबीचा साबण करते. सोड्याच्या पाण्यात बोटे बुळबुळीत होतात त्यात याचाही हात असतो. पेशींच्या आवरणातही चरबीच असते. ते विरघळवीत अल्क आत आत जाते. बुबुळ पांढरे पडून दृष्टी जाऊ शकते.

अशा वेळी कोणी शहाणा म्हणेल, अल्कावर आम्ल, घाला लिंबू! मुळीच घालू नका. ती मघाची उष्णता डोळ्यातच निघेल, शिवाय दुसरी इजा. त्याच क्षणी स्वच्छ पाण्याची धार धरा, पापण्या उघड्या ठेवून, निदान अर्धा तास. मूल रडेल, हात झटकील. तरी धार थांबवू नका. मग तडक नेत्रवैद्याकडे न्या, कारण पापणीआड अडकलेला चुन्याचा कण धार थांबल्यावरही अल्क सोडीतच राहतो.