बाळ ठणठणीत जन्मलं, मग वीस वर्षांनी काय झालं?

इअरफोन लावलेत ना? आज एका गोळीची गोष्ट सांगतो. गोष्ट अमेरिकेतली आहे, पण शेवटी विषय आपल्या घरापर्यंत येतोच.

गोळीचं नाव डायइथिलस्टिल्बेस्ट्रॉल. जीभ अडखळते, म्हणून आपण नुसतं डीईएस म्हणू. १९३८ मध्ये इंग्लंडमध्ये तयार झालेलं हे कृत्रिम इस्ट्रोजेन. म्हणजे बाईच्या शरीरातल्या हार्मोनची नक्कल. गर्भपात टळेल या आशेनं अमेरिकेत लाखो गरोदर बायकांना ते दिलं गेलं. १९५३ मध्ये शिकागोतल्या एका अभ्यासात दिसलं की याचा काही उपयोगच नाही. तरीही ते चालूच राहिलं. बाळं तर ठणठणीत जन्मत होती, मग शंका कोण घेणार?

पुढे बोस्टनमध्ये डॉक्टरांकडे १५ ते २२ वर्षांच्या मुली येऊ लागल्या. त्यांना योनीचा अतिशय दुर्मिळ कॅन्सर झाला होता. या वयात? कुणालाच कळेना. तेव्हा एका मुलीच्या आईनंच विचारलं, "मी गरोदरपणी ते औषध घ्यायचे, त्यामुळे तर नाही ना?" मग तपास झाला. १९७१ मध्ये डॉ. आर्थर हर्बस्ट आणि सहकाऱ्यांनी निष्कर्ष छापला: आठ मुलींपैकी सातजणींच्या आयांनी डीईएस घेतलं होतं.

कॅन्सर झाला साधारण हजारात एकीला. पण दुसरा त्रास कितीतरी जास्त जणींना झाला. काहींच्या गर्भाशयाचा आकारच वेगळा, इंग्रजी 'टी' अक्षरासारखा. २०११ च्या एका मोठ्या अभ्यासात डीईएसच्या संपर्कात आलेल्या मुलींपैकी ३३ टक्के जणींना वंध्यत्वाचा त्रास होता, इतर बायकांमध्ये तो साडेपंधरा टक्के. दिवस राहिले तरी अकाली प्रसूतीचा धोका जास्त. मुलग्यांमध्येही वृषण खाली न उतरण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं.

असं का होतं? बघा, पोटातल्या बाळाचं गर्भाशय, गर्भनलिका घडत असतात तेव्हा हार्मोन्स त्यांना सूचना देत असतात. तेवढ्यात नकली हार्मोनची चुकीची सूचना आली, तर घडणच बदलते. कच्च्या मडक्यावर उमटलेलं बोट भाजल्यावर पुसता येत नाही, तसंच. आणि हे अवयव वापरात येतात वयात आल्यावर, म्हणून बिघाडही तेव्हाच कळतो.

आता आपल्या स्वयंपाकघरात या. काही प्लास्टिकमधली बीपीए आणि थॅलेट्स ही रसायनंही हार्मोन्सच्या कामात ढवळाढवळ करतात. ती डीईएसइतकी जबरदस्त नाहीत, आणि माणसांवरचे अभ्यास अजून एकमुखानं बोलत नाहीत. म्हणून घाबरू नका. पण घरात कुणी गरोदर असेल, तर गरम आमटी प्लास्टिकच्या डब्यात ओतू नका. स्टीलचा डबा आहेच की! आणि औषध मनानं सुरू करू नका, मनानं बंदही करू नका.

डॉक्टरांना मात्र बिनधास्त विचारा, "हे कशासाठी? बाळाला चालेल ना?" बोस्टनमधलं कोडं सुटलं, तेही एका आईनं विचारलं म्हणूनच.