वास येतो का, हेही विचारा
मूल होण्यातले दुर्मीळ अडथळे : लेखांक ७

मागच्या लेखांकात शुक्रवाहिन्या जन्मतःच नसलेल्या पुरुषांविषयी वाचलं. त्यांच्यात शुक्राणू तयार होतात, पण बाहेर यायला वाट नसते. आजच्या विकारात वाट मोकळी असते, वृषणंही असतात. फक्त काम सुरू करण्याचा हुकूम मेंदूकडून येत नाही. हा कालमन सिंड्रोम. १९४४ साली फ्रान्झ कालमन यांनी तो घराण्यांत उतरत असल्याचं दाखवलं. पुरुषांत तो जास्त आढळतो, पण स्त्रियांनाही होतो.

गर्भ वाढत असताना जीएनआरएच हे हार्मोन बनवणाऱ्या पेशी नाकाच्या भागात जन्म घेतात आणि गंधाच्या मज्जातंतूंच्या आधाराने मेंदूतल्या हायपोथॅलॅमसपर्यंत पोचतात. तो प्रवास अडला की एकाच वेळी दोन गोष्टी बिघडतात. वास येत नाही किंवा फार कमी येतो. आणि जीएनआरएच नसल्याने पिट्यूटरी ग्रंथी एलएच आणि एफएसएच ही वृषणांना आणि बीजांडकोशांना चालना देणारी हार्मोन्स सोडत नाही. वृषणं किंवा बीजांडकोश झोपलेलेच राहतात.

चौदाव्या वर्षापर्यंत मुलाची वृषणं वाढू लागली नाहीत, तेराव्या वर्षापर्यंत मुलीची स्तनवाढ सुरू झाली नाही, तर डॉक्टरांना दाखवावं. ‘आमच्याकडे सगळे उशिराच वाढतात’ हे बहुतेकदा खरंही असतं, पण ते तपासून ठरवावं. वृषण खाली न उतरणं, दुभंगलेली टाळू, एकच मूत्रपिंड, कमी ऐकू येणं यांतलं काही सोबत असेल तर संशय बळावतो. वासाचं मात्र रुग्ण आपणहून सांगत नाही. जन्मापासून वास ठाऊकच नसेल, तर उणीव जाणवणार कशी? म्हणून विचारावं लागतं : उदबत्तीचा, फोडणीचा, गळणाऱ्या गॅसचा वास येतो का?

निदानाची किल्ली रक्ततपासणीत आहे. वृषणंच निकामी असतील तर एफएसएच वाढलेलं दिसतं. इथे टेस्टोस्टेरॉन कमी असूनही एलएच आणि एफएसएच वाढत नाहीत. पिट्यूटरीची गाठ नाही ना, हे पाहायला प्रोलॅक्टिन आणि एमआरआय करतात. एमआरआयमध्ये गंधाचे कंद आहेत की नाहीत, तेही कळतं.

उपचारात एक फरक जिवापाड जपायला हवा. टेस्टोस्टेरॉनने दाढी-मिशा येतात, हाडं बळकट होतात, पण शुक्राणू तयार होत नाहीत. मूल हवं असेल तेव्हा ते थांबवून एचसीजीची इंजेक्शनं देतात. ती एलएचचं काम करतात. जोडीला एफएसएच लागतं. याला कित्येक महिने, कधी दोन वर्षंही लागतात. शुक्राणूंची संख्या अनेकदा कमीच राहते, तरीही गर्भधारणा होऊ शकते. गरज पडली तर इक्सी, म्हणजे शुक्राणू थेट स्त्रीबीजात सोडण्याची पद्धत, आहे. स्त्रियांना पाळी आणि हाडांसाठी इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉन देतात. मूल हवं असेल तर एफएसएच आणि एलएच दोन्हींची इंजेक्शनं लागतात. विकार आनुवंशिक असू शकतो, म्हणून जनुकीय समुपदेशन आधीच घ्यावं.

‘शुक्राणू शून्य’ असा अहवाल हातात पडला की अनेक जोडप्यांना सगळं संपल्यासारखं वाटतं. दात्याच्या शुक्राणूंचा निर्णय घेण्याआधी एलएच, एफएसएच आणि टेस्टोस्टेरॉन तपासून घ्या आणि अहवाल हार्मोनतज्ज्ञांना दाखवा. पुरुष-वंध्यत्वाच्या ज्या थोड्या कारणांवर औषधांनी थेट इलाज होतो, त्यांपैकी हे एक आहे.