हृदयाचं औषध: डोस चुकला तर?

कर्जतच्या भिसेगावातून हृदयविकार असलेल्या मुलाला मुंबईत परळच्या वाडिया रुग्णालयात न्यायचं म्हणजे लोकलचा जाता-येता चारेक तासांचा प्रवास. घरच्यांची दिवसाची मजुरी बुडते. मग फेरी लांबते आणि बाटली पुरावी म्हणून औषध एक दिवसाआड दिलं जातं. धोका इथेच आहे.

डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधाच्या उपयोगी आणि विषारी डोसात अंतर फार थोडं. लहान मुलांच्या पातळ औषधात एका मिलिलिटरला साधारण ५० मायक्रोग्रॅम असतात, ०.५ ऐवजी ५ मिलिलिटर गेलं तर डोस दसपट होतो. त्यामुळे घरातला चमचा नकोच. सोबतचा ड्रॉपर किंवा सुई नसलेली सिरिंज वापरावी. चुकलेला डोस भरून काढायला पुढचा दुप्पट देऊ नये. मुलाने औषध ओकलं तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुन्हा पाजू नये. वारंवार उलट्या, मंद नाडी, सुस्ती दिसली तर डोस जास्त झाल्याची शंका घ्यावी.

प्रोप्रॅनोलॉल हे हृदयाचं दुसरं औषध एकाएकी थांबवलं तर ठोके अतिशय वाढू शकतात. उपाशी बाळाला ते दिलं तर रक्तातली साखर घसरू शकते.

संधिवाताच्या तापानंतरचं पेनिसिलिनचं इंजेक्शन साधारण दर २१ दिवसांनी घ्यायचं असतं. मूल हुंदडतंय म्हणून ते टाळणं मला सर्वांत घातक वाटतं. तो ताप उलटला की हृदयाच्या झडपा आणखी खराब होतात.

आठवड्याचं औषध उरलं असतानाच कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयात चिठ्ठी दाखवा. चुकलेले डोस डॉक्टरांना न लपवता सांगा. मुलाला धाप लागली, ओठ निळे पडले, तर लगेच १०८ला फोन करा.